जुना सन आणि एक्सपायलट

एक्सपायलट हा खेळ जुन्या लॅबवाल्यांखेरीज आता फारसा कुणाला आठवत नसेल. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो विद्यापीठात ब्यर्न स्टाबेल आणि केन रॉनी स्काउटन या दोन विद्यार्थ्यांनी १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. काळ्या पडद्यावर एक छोटंसं त्रिकोणी यान. गुरुत्वाकर्षण आहे, ब्रेक नाही. थांबायचं असेल तर उलटं वळून इंजिन चालवायचं. त्यामुळे नवशिके शत्रूच्या गोळीपेक्षा भिंतीवर आपटूनच जास्त मरतात. आणि शत्रू म्हणजे नेटवर्कवर बसलेली खरीखुरी माणसं!

हा खेळ सीडी घातली आणि सुरू केला असा नव्हता. त्या काळी वर्कस्टेशन सनचं, एचपीचं, सिलिकॉन ग्राफिक्सचं, डेकचं... प्रत्येकाचा प्रोसेसर वेगळा, युनिक्सही थोडं थोडं वेगळं. म्हणून मूळ सी कोडच वाटला जाई. तो उतरवून घ्यायचा आणि आपल्या यंत्रावर आपण कंपाइल करायचा. थोडक्यात, तयार पोळी मिळत नसे, कणीक मिळे. बरं, सोलॅरिस २ बरोबर सी कंपायलर येत नसे, तो वेगळा विकत घ्यावा लागे. म्हणून आधी कुणाकडून तरी तयार जीसीसी मिळवायचा. मग कंपाइल करताना नेटवर्कच्या दोन लायब्ररींची नावं दिली नाहीत, तर शेवटच्या पायरीवर 'अनडिफाइन्ड सिम्बॉल'ची भलीमोठी यादी. सोलॅरिसवर पहिल्यांदा सॉकेटचा प्रोग्रॅम बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ती यादी पाहिली असेल.

१९९६-९७ साली आम्ही चौघं रात्री लॅब रिकामी झाली की हा खेळ खेळायचो. एक्सपायलटचा नकाशा ही साधी मजकुराची फाइल असते. 'एक्स' अक्षर म्हणजे भिंत, अधोरेषा म्हणजे यानाचा तळ, हॅशचं चिन्ह म्हणजे इंधन. चौघांतल्या एकाने एका रविवारी बसून आमच्या हॉस्टेलचा नकाशा केला. खोल्या, जिना, मागचं अंगण, सगळं अक्षरांनी. इंधन फक्त एकाच ठिकाणी ठेवलं होतं, मेसमध्ये :)

तो मित्र २०२१ मध्ये गेला.

कॉलेजच्या लिलावात मी घेतलेलं स्पार्कस्टेशन ५ बरीच वर्षं माळ्यावर होतं. आता आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलंय, भाड्याची जागा लहान, आणि घरच्यांनी भंगारवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. त्यांचं चूक आहे असं नाही. तीस वर्षांपूर्वीचं यंत्र, आजच्या फोनपुढे त्याची काय मातब्बरी! पण तो नकाशा त्याच डिस्कवर होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

यंत्र सुरू झालं, पण आधी स्वतःचा पत्ताच विसरलेलं. या यंत्रांत एका चिपमध्ये नेटवर्कचा पत्ता ठेवलेला असतो आणि तो टिकवायला त्याच चिपच्या पोटात बॅटरी. तिचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. बॅटरी गेली की पत्ता गेला, आणि पत्त्याविना नेटवर्क नाही. तो 'ओके' प्रॉम्प्टवर हाताने भरावा लागतो. सनचे असे पत्ते ८:०:२० ने सुरू होत. पुढचे आकडे यंत्राच्या आत चिकटवलेल्या कागदावर माझ्याच अक्षरात सापडले. डिस्क जरा कुरकुरली आणि फिरली. नकाशा होता.

मग भाच्याला म्हटलं, चल, खेळू. त्याच्या लॅपटॉपवर तोच कोड कंपाइल करायला घेतला. गंमत म्हणजे जुन्या सनवर काहीच तक्रार आली नाही. चहा करून, पिऊन, कप विसळून आलो तरी चालूच होतं, पण झालं. अडलं ते नव्या लॅपटॉपवर! २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून, फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं तर ती नुसती ताकीद न राहता चूक ठरते. जुन्या कोडमध्ये तर हे सर्रास. हा कोड १९८९ च्या नियमांनी वाच, असं कंपायलरला सांगितलं तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

"पण मामा, एवढी जुनी मशीन माझ्या लॅपटॉपशी बोलणार कशी?"

प्रश्न बरोबर होता. मराठीत आपण २१ ला 'एकवीस' म्हणतो, म्हणजे आधी एक, मग वीस. इंग्रजीत आधी वीस, मग एक. प्रोसेसरांचंही तसंच. इंटेल लहान बाइट आधी ठेवतो, स्पार्क मोठा. इंटेलने दोन बाइटांत लिहिलेला १ स्पार्कने जसाच्या तसा वाचला तर तो २५६ होतो. यान भिंतीच्या पलीकडेच! शिवाय पत्ता नीट जुळला नाही तर इंटेल सांभाळून घेतो, स्पार्क मात्र 'बस एरर' म्हणून प्रोग्रॅमच बंद पाडतो.

भाच्याला मी नेटवर्कची फाइल उघडून दाखवली. पाकिटात टाकायचा प्रत्येक आकडा तिथे सुटा करून, एकेक बाइट, मोठा आधी, असा लिहिलाय. पलीकडे तसाच एकेक उचलून जोडलाय. कोणतं यंत्र कसा आकडा ठेवतं याच्याशी मग देणंघेणंच उरत नाही. लिहिणाऱ्यांना समोर बसणाऱ्याचं यंत्र माहीत नव्हतं. आज जो लॅपटॉप समोर आहे तो तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पण ज्याला आपण पाहिलेलं नाही त्यालाही आपलं बोलणं नीट पोचावं, एवढी काळजी त्यांनी घेतली होती. मित्राचा नकाशाही साध्या अक्षरांत होता, म्हणूनच तो लॅपटॉपवर विनातक्रार उघडला.

सर्व्हर सनवर, मी सनवर, भाचा लॅपटॉपवर. पहिल्या पाच मिनिटांत तो जिन्यात सात वेळा आपटला. मग इंधन संपत आलं, आणि त्याने विचारलं, "मामा, हे भरायचं कुठे?"

"मेसमध्ये," मी म्हटलं, आणि मग त्याला त्या मित्राबद्दल सांगितलं. कसा होता, कसा हसायचा, हरला की नकाशालाच कसे दोष द्यायचा. त्या निमित्ताने का होईना, बऱ्याच दिवसांनी त्याच्याबद्दल कुणाशी तरी बोललो.

नकाशाच्या आता तीन प्रती आहेत. उरलेल्या दोघांना पाठवलाय आणि एक भाच्याकडे. त्यामुळे खरं तर सन गेला तरी चालेल. पण भाचा म्हणतो, भाड्याच्या घरात त्याच्या पलंगाखाली जागा आहे. बघू.

असो. कुणाकडे सनच्या जुन्या मॉनिटरची तेरा-डब्ल्यू-तीन केबल पडून असेल तर टाकू नका, मला कळवा. माझी शेवटचे श्वास मोजतेय.