सांगाड्याचे वजन

वाहन हलके हवे असेल तर धातूही हलकाच निवडावा, असा सर्वसाधारण समज आहे. सायकलीमागे जोडावयाची दोन चाकांची मालगाडी घरीच तयार करण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा हा समज पारखून घेणे भाग पडले. वसईतील आमच्या वाडीतली भाजी आणि केळी बाजारात नेणारे वडील आता सत्तरीत आहेत. ओझे झेपेनासे झाले तर वाडी कसणेच सोडावे लागेल, असे ते बोलून दाखवीत. गाडीच्या स्वतःच्या वजनातला प्रत्येक किलो त्यांच्या गुडघ्यांवर पडणार होता.

प्रथम बांबूचा विचार केला. तो पोकळ, हलका, चिवट. परंतु त्याला भुंगा लागतो, भिजून-वाळून तो चिरतो आणि लोखंडी आसाशी त्याचा सांधा घट्ट राहत नाही. मग ॲल्युमिनियम. त्याचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश खरे. पण ताठपणाही एक तृतीयांशच! सतत हादरे बसत राहिले तर ते कालांतराने तडकते. खाऱ्या दमट हवेत पोलादी बोल्टच्या सान्निध्यात ते झिजते. त्याच्या जोडकामाला निराळे यंत्र आणि सराईत हात लागतात.

राहिले पोलाद. आमच्या सांगाड्याला ६ मीटर माल लागत होता. ४० मिलिमीटर रुंद व ५ मिलिमीटर जाड अँगल घेतला असता तर त्याचेच वजन १८ किलो झाले असते. २५ मिलिमीटरची, १.६ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी तेवढ्याच लांबीला अवघी ७ किलो भरते. तेवढ्याच वजनाच्या भरीव चौकोनी सळईच्या मानाने ही नळी सुमारे एक सप्तमांशच वाकते; कारण तिच्यातला धातू मध्यापासून दूर, जेथे ताण अधिक तेथे, असतो. बांबूच्या पोकळीचेही मर्म हेच!

नळी पातळ, म्हणून भोक न पडता ती जोडावयास बारीक रॉड आणि संयम हवा. तिची तोंडे बंद केली नाहीत तर ती आतून गंजते. दांडा सांगाड्याला मिळतो तेथे तिरका आधार द्यावा लागतो. ही सर्व कामे गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात होतात, मोडतोड झाल्यास दुरुस्तीही तेथेच होते. म्हणून आम्ही नळीच निवडली.

अँगलच्या तुलनेत ११ किलो वाचले. तेवढी केळी अधिक न्यावीत की गुडघ्यांना विसावा द्यावा, हे ठरविणे आम्ही वडिलांवर सोपविले आहे.