आपला नम्र, अ.ब.क.

शाळेत मी निदान पन्नास पत्रं लिहिली असतील. विषय ठरलेले. परिसरातल्या अस्वच्छतेबद्दल तक्रार, वृक्षारोपणासाठी रोपांची मागणी, झालंच तर मित्राला सहलीचं वर्णन. शेवटी 'आपला नम्र, अ.ब.क.'. त्यातलं एकही पत्र पोस्टाच्या पेटीत पडलं नाही. रोपं आली नाहीत, मार्क मात्र आले. पाचपैकी चार!

माझी भाची पनवेलला चौथीत आहे. तिलाही परवा कचऱ्यावर पत्र लिहायचा गृहपाठ होता. तिनं लिहिलं, "आमच्या परिसरात खूप कचरा साचतो. तरी योग्य ती कार्यवाही करावी."

"परिसर म्हणजे कुठला गं?"

"परिसर म्हणजे... परिसर, मामा!"

बरोबरच आहे की. 'परिसर अभ्यास' हे तिच्या पुस्तकाचं नाव आहे, त्यात कचरा कसा असेल?

पनवेलला तळ्यांची कमी नाही. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे... नावंही किती छान! रविवारी सकाळी वही घेऊन एका तळ्यावर गेलो. बाईसाहेबांनी मोजायला सुरुवात केली. निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या अकरा. थर्माकोलची मखरं दोन. गुटख्याच्या पुड्या 'मोजता येत नाहीत'. आणि एक बगळा, मखरावर उभा! घरी येऊन पत्र नव्यानं लिहिलं. त्यात तळ्याचं नाव होतं, वार होता, आकडे होते आणि काठावर निर्माल्य कलश ठेवा अशी सरळ मागणी होती.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच पटेल. 'सिस्टीम नीट चालत नाही' असा बग कुणी टाकला तर आपण काय करतो? बंद करून मोकळे होतो. कुठे, कधी, काय झालं, काय व्हायला हवं होतं हे लिहिलं, तरच कुणीतरी जागचं हलतं.

नीट लिहिलेल्या पत्रानं काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण म्हणजे देहरादून. १९८३ साली तिथल्या एका संस्थेनं मसुरीच्या डोंगरातल्या चुनखडीच्या खाणींबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवलं. न्यायालयानं पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं, तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९८५ मध्ये त्यातल्या बऱ्याच खाणी बंद करायचा आदेश दिला.

पाकिटावर पत्ता लिहिताना भाचीनं विचारलं, "४१०२०६ कशाला?" मग पिन कोडची गोष्ट निघाली. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृतमध्ये कविता करणारे. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगढ. पत्त्यातून भूगोल! गृहपाठाच्या वहीत हा प्रश्न कधी आलाच नसता, कारण अ.ब.क.ला पिन कोड नसतो.

पत्र गेलं त्याला आता तीन आठवडे झाले. उत्तर नाही. पोरगी रोज जिन्याखालची टपालपेटी उघडून बघते. मला खरी काळजी इथेच वाटते. तळं साफ व्हायला वेळ लागेल हे तिला समजावता येतं. पण नीट बघून, मोजून, खरं लिहिलं तरी पलीकडे कुणी वाचत नाही, हे नवव्या वर्षी एकदा शिकलं की पुढे कितीही 'झाडे लावा'ची पोस्टर्स रंगवा, उपयोग शून्य. मोठी होऊन तीही आपल्यासारखीच 'या देशात काही होणार नाही' म्हणत चहा पीत बसेल.

तोवर एक सोय केली आहे. मीच तिला पोस्टकार्ड टाकलं. "बगळा अजून येतो का? पिशव्या किती झाल्या?" चार दिवसांत उत्तर हजर: पिशव्या नऊ, बगळे दोन, आणि एक काळा पक्षी जो पंख पसरून वाळवत बसतो, त्याचं नाव कळव! (पाणकावळा. मलाही शोधावं लागलं.)

साने गुरुजी आपल्या पुतणीला, सुधाला, सविस्तर पत्रं लिहीत. त्यांची 'सुंदर पत्रे' झाली. आपल्याला तेवढं जमणार नाही. पण तुमच्याही ओळखीत तिसरी-चौथीतलं एखादं पोर असेलच. त्याला आपला पत्ता द्या, पिन कोडसकट. आणि पत्र आलं की त्याच आठवड्यात उत्तर टाका. डेडलाइन पाळायची सवय आहेच ना आपल्याला?