चाकोरी आणि वरंबा

मराठी समीक्षेत वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दांची यादी कुणी केलीच, तर 'चाकोरी' हा शब्द त्यात बराच वर असेल. एखाद्या कवीविषयी निश्चित असे काही सांगता येत नसले की तो 'चाकोरीबाहेरचा' आहे असे म्हणून मोकळे होता येते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. मात्र चाकोरी म्हणजे मुळात चाकाने जमिनीत पाडलेली खाच, एवढे वर्गात विचारले तर फार थोडे हात वर होतात. त्यात मुलांचा दोष नाही. गाडीवाट पाहिलेलीच नसेल, तर खाच कुठून आठवणार?

गेल्या दहाबारा वर्षांत हा शब्द समीक्षेतून निघून मोटारींच्या जाहिरातींत शिरला आहे. 'चाकोरी सोडा', 'आडवाटेला लागा' अशा आवाहनांबरोबर एक चकचकीत, उंच बांध्याची छोटी गाडी चिखल उडवत जाताना दिसते. या गाड्यांना 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' किंवा 'क्रॉसओव्हर' म्हणतात. २०१२ साली रेनोची डस्टर आली, २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट, २०१५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा, २०१६ मध्ये मारुतीची व्हिटारा ब्रेझा, २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन. आणि बघता बघता मध्यमवर्गाच्या दारातली हॅचबॅक जाऊन तिच्या जागी ही उंच गाडी उभी राहिली. दिसायला जीप, अंगाने मोटार. जीपला स्वतंत्र पोलादी सांगाडा असतो आणि त्यावर टप बसवलेला असतो. क्रॉसओव्हरमध्ये टप हाच सांगाडा. बहुतेकींची ओढ फक्त पुढच्या दोन चाकांना. डस्टरची चारही चाकांना ओढ देणारी आवृत्ती २०१४ साली निघाली होती, पण तसे अपवाद थोडेच.

ही संकरित जात म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर सरकारलाही बराच काथ्याकूट करावा लागला आहे. २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचे उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के झाले आणि व्याख्येची गरज पडली. पुढे जीएसटीच्या काळात, २०२२ च्या डिसेंबरात, परिषदेने खुलासा केला की लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर असेल, आणि शिवाय ती लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जात असेल, तरच तिला चढा अधिभार. २०२३ च्या जुलैत आणखी एक स्पष्टीकरण आले: उंची मोजायची ती रिकाम्या गाडीची. साहित्यप्रकारांच्या व्याख्या करताना आपण जे वाद घालतो, त्यांत निदान 'लोकांत कादंबरी म्हणून ओळखली जाते' हा निकष कुणी लावल्याचे स्मरत नाही. असो.

रिकाम्या गाडीची उंची हा मुद्दा मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो मला समजला पोलादपूर तालुक्यात.

माझी गाडी याच जातीची. लांबी चार मीटरच्या आत, ओढ पुढच्या चाकांना, पोटाखाली वीस सेंटिमीटरच्या आसपास जागा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या उतरणीवरच्या एका वाडीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घर आहे. तो आता महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. त्याच्या आजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन महाडला ठरले होते, आणि वाडीच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून यायला त्यांची कंबर तयार नव्हती. म्हणून गेल्या मार्गशीर्षात मी गाडी घेऊन गेलो. फाट्यापर्यंत डांबर आहे, तिथून पुढे मुरूम आणि खडी, आणि शेवटच्या चढावर नुसती माती आणि उघडा पडलेला कातळ.

पावसाळ्यात जीप आणि ट्रॅक्टर जाऊन जाऊन मातीत खोल खाचा पडतात. दिवाळीनंतर ऊन लागले की त्या वाळून विटेसारख्या कडक होतात, आणि दोन खाचांमध्ये मातीचा उंचवटा तसाच राहतो. शेतकऱ्याच्या भाषेत तो वरंबा. विद्यार्थी शेजारी बसला होता. तो म्हणाला, "सर, चाकोरीत उतरू नका. डावं चाक वरंब्यावर घ्या आणि उजवं कडेला." त्याने हा शब्द अगदी सहज, 'दार' किंवा 'विहीर' म्हणावे तसा वापरला. बी.ए.च्या परीक्षेत त्यानेही कुणा कवीला चाकोरीबाहेर काढले असणार.

त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. चाकोरी ज्याच्या चाकांनी पडली त्याच्याच मापाची असते. ट्रॅक्टरचे मागचे चाक माझ्या गाडीच्या छातीला लागेल एवढे; त्याच्या खाचेत माझी चाके उतरली की पोट वरंब्यावर टेकणार आणि चाके अधांतरी फिरणार. मिनिडोरची तऱ्हा आणखी निराळी. रायगड जिल्ह्यात विक्रम आणि मिनिडोर या तीनचाकींवर कित्येक गावांची ये-जा चालत आली आहे. तिचे पुढचे एकटे चाक बरोबर वरंब्यावरून चालते आणि मागची दोन खाचांतून. सिंदबादच्या सफरीला निघालेल्या जाहिरातीतल्या गाडीपेक्षा तिला या वाटेचे व्याकरण अधिक ठाऊक.

चढाचे गणितही असेच उलटे आहे. चढावर गाडीचे वजन मागे सरकते, म्हणजे ज्या चाकांना ओढ आहे ती पुढचीच हलकी होतात आणि सुट्या खडीवर गरगरतात. त्यातही साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की एका चाकाची पकड सुटली की इंजिनाची सगळी शक्ती त्या रिकाम्या फिरणाऱ्या चाकाकडेच धावते. नव्या गाड्यांत अशा वेळी संगणक त्या चाकाला ब्रेक लावून शक्ती दुसऱ्याकडे वळवतो, आणि हे तंत्र उपयोगाचे आहे हे मान्य केले पाहिजे. त्याच्याच बळावर आम्ही तो चढ चढलो. पण त्याला मर्यादा आहे. खऱ्या चढाईच्या गाडीत 'लो रेंज' नावाची एक वेगळी गिअरची साखळी असते, जिच्यामुळे इंजिन जोरात फिरते आणि चाके मुंगीच्या गतीने. २०२० सालच्या थारमध्ये ती आहे. शिवाय पोटाखाली २२६ मिलिमीटर जागा आणि समोरच्या चढाला ४१.८ अंशांपर्यंत नाक न टेकवता भिडण्याची सोय. क्रॉसओव्हरजवळ यातले काही नसते. तिच्याजवळ चालकाने उतरून, चार पावले चालून, दगड पाहून येणे एवढेच असते.

या मुलखात चाकच मुळी उशिरा आले. महाड हे सावित्रीच्या खाडीमार्गे चालणाऱ्या व्यापाराचे जुने बंदर. तिथून घाटावर माल चढायचा तो बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या खांद्यावरून. पारघाटाची वाट तशीच. पुढे पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट झाला, इंग्रजांनी त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्डचे नाव दिले, आणि चाकांना वर जायला वाट मिळाली. माझा आपला तर्क असा, की 'चाकोरी' हा देशावरच्या सपाटीचा शब्द असावा. इथले जुने शब्द आहेत नाळ, खिंड, घळ, साकव. पायाच्या वाटेला खाच पडत नाही.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडून पाचदहा क्रॉसओव्हरांची रांग याच वाटांवर येते. त्यांच्या लेखी ही 'सोपी ट्रेल'. खाच टाळायला प्रत्येकजण कडेने जातो. कडेची माती गटारात ढासळते. गटार बुजले की पुढच्या पावसाचे पाणी रस्त्यावरून वाहते आणि रस्ता घेऊन जाते. मग वाडीची माणसे श्रमदानाने पुन्हा मुरूम टाकतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली तेव्हा तिचा निकष पाचशे वस्तीचा होता, डोंगरी राज्ये आणि आदिवासी भागांत अडीचशेचा. तीस उंबऱ्यांची वाडी या हिशेबात बसत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी महाड शहर पुराखाली होते, रस्ते तुटलेले होते, आणि बचाव पथकांना गावात पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच पावसात पोलादपुरातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. 'ट्रेल' हा शब्द ऐकला की मला हे आठवते, आणि तो उच्चारणाऱ्या तरुणाशी बोलणे जड जाते.

पाण्याबाबत इथली माणसे फार कडक आहेत. फरशीवरून पाणी वाहत असेल तर जीपवालासुद्धा थांबतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या, ते कुणी विसरलेले नाही. क्रॉसओव्हरचे दरवाजे घट्ट बसतात, पाणी चटकन आत येत नाही, आणि म्हणूनच ती लवकर तरंगते. वाहते पाणी गुडघ्याखाली असले तरी छोट्या गाडीला उचलायला पुरते.

उतरताना गाडीत पाच माणसे आणि आजींचे गाठोडे. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर कमीत कमी पाय ठेवून निघालो. जाताना निसटलेल्या त्याच वरंब्यावर या वेळी पोट घासले: सरकारने मोजली होती ती रिकामी गाडी. तिघे उतरून चालू लागले, स्प्रिंगा थोड्या वर आल्या, गाडी सुटली. आजी पुढच्या सीटवर बसून होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुमची गाडी मऊ हाय, पन भित्री हाय."

ऑपरेशन नीट झाले. चार दिवसांनी मी त्यांना फाट्यापर्यंत सोडले. पुढे वाडीची जीप उभी होती. आत नऊ माणसे, तांदळाची दोन पोती आणि एक गॅसची टाकी. आजींना चालकाशेजारी जागा करून दिली गेली. तिची ओढ मागच्या चाकांना, सगळे वजन त्यांच्यावर. ती चाकोरीत उतरली आणि सरळ वर गेली.