चाकोरी

आमच्या घरात जंगलाची गाडी माझ्या जन्माआधीच आली होती. आजोबा ब्रह्मपुरीकडचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या वापरलेल्या जीपगाड्या लिलावात निघाल्या, त्यांतली एक त्यांनी उचलली. विलीज कंपनीची, डाव्या बाजूला स्टिअरिंग. दारं नव्हतीच, हूड ताडपत्रीचं, आणि पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येई. अमेरिकेने १९४१ पासून युद्धासाठी हजारोंनी बनवलेली ही गाडी रुंदीला जेमतेम पाच फूट दोन इंच, वजनाला टनाच्या थोडी वर. इंजिन अवघं ६० अश्वशक्तीचं. पण गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांड्या होत्या. एक पुढच्या चाकांना जोर द्यायला, दुसरी ‘लो’ लावायला. ‘लो’ लावलं की वेग मरतो आणि ओढ वाढते. ज्या नाल्यात पावसाळाभर बैलगाडी उतरत नसे, तिथून ही जीप गुरगुरत पलीकडे निघे.

गावात तिला सगळे शिकारीची गाडी म्हणत. तिच्याआधी शिकार म्हणजे हाका. गावची पन्नास-साठ माणसं डफडी वाजवत रान उठवायची, शिकारी मचाणावर डासांत तासन् तास बसून राहायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतायचे. जीपने हा सगळा खटाटोप संपवला. बॅटरीला जोडलेला मोठा दिवा एकाने हातात धरायचा, काच पाडायची आणि रात्री धानाच्या बांधांच्या कडेकडेने गाडी फिरवायची. झोत डोळ्यांवर आला की चितळ, सांबर जागीच थबकतं. अंधारात फक्त डोळे चमकतात. बंदूक पाडलेल्या काचेच्या चौकटीवर टेकवायची, की झालं. त्या चौकटीवर बंदुकीच्या नळीने घासून रंग उडालेली जागा मी लहानपणी बोटाने चाचपली आहे. खालचं लोखंड तिथे गुळगुळीत लागायचं.

आजोबांचे ड्रायव्हरकाका म्हातारपणी आमच्या ओसरीवर बसून सांगायचे, “पायी फिरत होतो तवा जनावर आपल्याले आंधी पाहे. जीप आली अन् आपुनच त्याले आंधी पाहाले लागलो.” शिकारीवर पुढे मी बरंच वाचलं, पण या दोन वाक्यांच्या पलीकडचं काही हाती लागलं नाही. शिकारीत जनावराच्या बाजूने जेवढं होतं, म्हणजे त्याचे कान, त्याचं नाक, त्याचा अंधार, तेवढं सगळं त्या एका दिव्याने आणि चार चाकांनी काढून घेतलं. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री गाडीच्या उजेडात सापडलेले तीन चित्ते मारले. भारतातल्या शेवटच्या चित्त्यांची गोष्ट निघाली की हीच नोंद पुढे येते. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत पीकरक्षणाच्या नावावर मिळालेल्या बंदुका आणि जीपगाड्या यांनी देशभरची माळरानं आणि जंगलं कशी रिकामी केली, हे त्या काळच्या निसर्ग-अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. आमच्या विलीजचाही त्यात वाटा होता. आजोबांवर माझं फार प्रेम होतं आणि तरीही हे मला लिहिलंच पाहिजे.

मालगुजारी १९५१ मध्ये गेली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि आमच्या घरची शिकार कायमची बंद झाली. विलीज गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिली ती तिथेच गंजली.

तोवर दुसरी जीप माझ्या आयुष्यात आली होती. बाबा वनखात्यात रेंजर होते आणि त्यांच्या दिमतीला खात्याची महिंद्रा जीप असे. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीजचेच सुटे भाग जोडून गाड्या बांधायला सुरुवात केली आणि पुढे ती जीप आपल्याकडच्या प्रत्येक खात्याची होऊन गेली. पाटबंधारे, महसूल, पोलीस, कुटुंबनियोजन, सगळीकडे तीच. बाबांची गाडी उन्हाळाभर वणव्यामागे धावायची. मागच्या बाकावर पाण्याचे कॅन, कुऱ्हाडी, आग झोडपायला तोडलेल्या ओल्या फांद्या. तेंदूपत्त्याचा हंगाम आला की फडीवर, पावसाळ्यात चोरटं सागवान नेणाऱ्यांच्या वाटेवर. आजोबांच्या गाडीने रानातून जे नेलं, त्याची फेड बाबांची गाडी करते आहे, असं मला शाळकरी वयातच वाटायचं आणि आजही वाटतं.

त्या गाडीतली एक संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. दोन्ही बाजूंना बांबूची बेटं, मधून एका गाडीपुरता रस्ता. वळण घेतलं तर पुढे रानगवा. मागे गाय आणि तिचं तांबूस वासरू. गव्याने मान खाली घातली नाही की फुरफुरला नाही. नुसता आडवा उभा राहिला, आपलं अंग किती मोठं आहे ते आम्हाला दिसावं म्हणून. बाबांनी हॉर्न वाजवला नाही, इंजिनही बंद केलं नाही. दिवे मंद केले, उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, डावा माझ्या सीटच्या पाठीवर टाकला, मान पूर्ण मागे वळवली आणि रिव्हर्स टाकला. बांबूची टोकं हुडाला खरवडत होती. मागचं वळण निघून रस्ता जरा रुंद होईस्तोवर ते तसेच मागे मागे जात राहिले. मी विचारलं, “बाबा, तो आपणहून बाजूला झाला नसता का?” ते म्हणाले, “झाला असता. पण वासरू कोणत्या बाजूला गेलं असतं?”

नोकरीला लागलो तेव्हा जीप माझ्यासाठी काळीपिवळी झाली. नागभीड तालुक्यातल्या शाळेत जायला एसटी दिवसातून मोजकी. बाकी सगळा भार कमांडर जीपवर. आत माणसं, टपावर धानाची पोती, मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरं. त्या गाड्यांना बहुधा मागच्याच चाकांना जोर असायचा, फोर बाय फोरचं नाव नाही. आणि तरी काळ्या मातीच्या चिखलातून ते ड्रायव्हर गाडी काढायचे. चाकांतली थोडी हवा सोडायची, चाकाखाली पळसाच्या फांद्या आणि दगड द्यायचे, माणसं उतरवायची, आणि एकदा गाडी हलली की मध्ये क्लच दाबायचा नाही. रुतलेल्या चाकाला जास्त रेस दिली तर ते आपलाच खड्डा खोल करतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. यंत्राची ताकद कुठे वापरायची नाही हे ज्याला कळतं, त्याच्या हातात साधी गाडीही लांब जाते.

मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये बाजारात आली होती. पेट्रोलवरची, हलकी, डिझेल जीपच्या मानाने कितीतरी शांत. पुढे ताडोबात तिनेच पर्यटनाचा संसार उभा केला. ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ चा आणि व्याघ्र प्रकल्पाचा १९९५ चा, पण पर्यटकांचा ओघ सुरू झाला तो त्यानंतर. मोहर्ली, कोलारा या गावांतल्या पोरांनी कर्ज काढून जिप्स्या घेतल्या, कोणी ड्रायव्हर झाले, कोणी गाईड. जंगल टिकलं तर आपलं पोट चालतं, हे त्या गावांना कळलं, हा मला त्या गाडीचा मोठा उपकार वाटतो. खिडकीशिवाय, छपराशिवाय जंगलात बसण्याचा आनंदही तिनेच सामान्य माणसाला दिला.

पण २०२४ च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी जिप्स्यांनी वाट अडवली. व्हिडिओ सगळीकडे फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तो व्हिडिओ पाहताना मला ड्रायव्हरकाकांचं बोलणं आठवलं. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला होता, पण जनावराला निघायला वाट न ठेवण्याची ती जुनी हाव तशीच होती. गाड्यांमधल्या एकानेही रिव्हर्स टाकला असता तर वाघिणीला वाट मिळाली असती.

माझी मुलगी आता पाणपक्ष्यांच्या नोंदी करते. पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, ते तिचं कामाचं ठिकाण. तिला गाडी हवी होती. मित्रमंडळींनी याद्या दिल्या: थार, स्कॉर्पिओ-एन, जिम्नी, जुनी फोर बाय फोर बोलेरो. शोरूममध्ये सगळीकडे बोलणं एकच, किती अश्वशक्ती, किती खोल पाण्यातून जाते, कसल्या चढावर चढते. यांतलं काही खोटं नाही. ६५० मिलिमीटर पाण्यातून थार जाते, तिची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर, आणि महिंद्राचा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो. डोंगराळ मुलखात राहणाऱ्याने, सामान आणि माणसं वाहणाऱ्याने ती जरूर घ्यावी.

मुलीने मात्र शोरूमआधी टेप घेऊन तलावाची पाळ गाठली. पाळीवरून जाणारी वाट, कडेची बाभळ, धानाच्या बांधीत शिरणारं वळण, सगळं मोजलं. कागदावर आकडे मांडले. स्कॉर्पिओ-एन १९१७ मिलिमीटर रुंद, थार १८२०, जिम्नी १६४५. थार जिम्नीहून सुमारे ५०० किलोंनी जड. काळ्या मातीत हे वजनच चाक खाली ओढतं आणि पाळीची माती खचवतं. ज्या पाळीवर गावाचं धान उभं असतं, तिच्यावर जड गाडी घालणं तिला पटेना. जिम्नीला खालून शिडीसारखी मजबूत चेसिस आहे, ‘लो’ आहे, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची आहे. कामाला तेवढं पुरतं. म्हणून ती घेतली. आजोबांच्या विलीजहून ती फक्त सातेक सेंटीमीटर रुंद आहे, हे मी हिशोब करून पाहिलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

टायर थोडे खरखरीत नक्षीचे घेतले. मागे टोचनाचा पट्टा, फावडं, हवेचा पंप आणि दोन फळ्या ठेवल्या. राखीव जंगलात रस्ता सोडून चाक घालायचं नाही, हा नियम कायद्याचाही आहे आणि घरचाही. एका चाकाने चिरडलेलं गवत उगवतं, पण त्या खुणेवरून दुसरी गाडी जाते, मग तिसरी, आणि चाकोरी पडली की तिथे पावसाचं पाणी वाहू लागतं, माती जाते. बाबांनी अशा कितीतरी वाटा दगड आणि काटेरी झाप टाकून बंद केलेल्या मी पाहिल्या आहेत.

जंगलासाठी गाडी निवडणाऱ्या तरुणांना म्हणून मी आधी एवढंच विचारतो, तुम्हाला उतरून चालायचं कुठून आहे? गाडी त्या जागेपर्यंत नेणारी आणि तिथून धड परत आणणारी असावी. त्यापुढची ताकद विकत घेतली की ती वापरण्याचा मोह होतो, आणि तो मोह रानाच्या अंगावर जातो. पक्षी, पगमार्क, वाऱ्यावर आलेला जनावराचा वास, हे सगळं गाडी थांबल्यावर सुरू होतं. आणि गाडी घेतली की सर्वांत आधी शिकावं ते मागे जाणं. मुलीला मी पहिले काही आठवडे तेच शिकवलं: अरुंद वाट, कडेला नाला, मान पूर्ण मागे, हॉर्न नाही, घाई नाही, वळण निघेपर्यंत सरळ मागे. ‘लो’ गिअर गरजेपुरता लागतो. रिव्हर्स रोज लागतो, आणि तो टाकायला जो तयार आहे त्यानेच गाडी घेऊन रानात जावं.