आपले गाव कोणते?

आम्हा माळव्यातील मराठी कुटुंबांचा प्रवास बहुधा लग्नकार्यासाठी पुण्याकडे होतो आणि तेथे आमची मुले ‘इंदूरकडची’ ठरतात. मग आपले गाव कोणते, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहतो.

गेल्या हिवाळ्यात मुलांना घेऊन आम्ही महूमार्गे जाम घाटाने महेश्वरास गेलो. घाटमाथ्यावर अहिल्याबाईंनी बांधविलेला दरवाजा आहे. तेथे शिदोरी सोडली. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि समोर खोलवर पसरलेले निमाड! धाकटीने विचारले, “बाबा, अहिल्याबाई कुठल्या हो?”

“जन्म १७२५ चा, नगरकडच्या चौंडीचा. पण १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केले, ते महेश्वराहून.”

“म्हणजे आपल्यासारख्याच!” ती म्हणाली.

सायंकाळी महेश्वरी विणणाऱ्या बाईशी तिने हिंदीत मनसोक्त गप्पा मारल्या आणि त्या सगळ्या आईला मराठीत सांगितल्या. दोन्हींत तिला परकेपणा नव्हता.

मुलांना दूरची स्थळे अवश्य दाखवावीत. परंतु आधी आपल्या दारावरून जाणारा रस्ता दाखवावा. आपली माणसे इकडे आली आणि इथलीच झाली, हे पुस्तकापेक्षा त्या रस्त्यावर त्यांना लवकर उमगते.