एका नुक्त्याचा फरक

पाचवीच्या मुलांना उर्दू शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर दोन शब्द लिहितो. ‘खे’ आणि ‘जीम’ या दोन अक्षरांचा आकार एकच. नुक्ता वर दिला की ‘खुदा’ होतो, खाली दिला की ‘जुदा’. मुले हसतात. मी त्यांना सांगतो, “नुक्ता छोटा समझू नको, तो पूर्ण शब्दाचा मालक असतो.” एवढे शहाणपण शिकवणाऱ्या मला स्वतःला त्याचा अर्थ कळायला २०२३ चा एप्रिल महिना उजाडावा लागला, आणि तोही एका जुन्या संगणकामुळे.

हा संगणक २०१२ सालचा. माझे बी.एड. झाले त्या वर्षी अब्बा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. मिळालेल्या पैशांतून त्यांनी घराच्या पत्र्याऐवजी आधी संगणक घेतला. “मास्तर होणारे ना, तो ये भी सीख,” एवढेच म्हणाले. नळदुर्गच्या आमच्या मोहल्ल्यात तेव्हा हातावर मोजण्याइतके संगणक होते. याच संगणकावर मी इनपेजमध्ये नस्तालीक लिपीत प्रश्नपत्रिका टाइप करायला शिकलो. त्याआधी आमच्या शाळेच्या उर्दू प्रश्नपत्रिका हाताने लिहून झेरॉक्स केल्या जात. २०२१ मध्ये अब्बा गेले. संगणक राहिला. तो भंगारात द्यावा असे घरात कुणीच म्हणाले नाही, पण तो फार मंद झाला होता. दोन खिडक्या उघडल्या की तिसरी उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

त्यात इंटेलचा कोअर आय-थ्री २१०० हा प्रोसेसर होता. दोन कोअरचा. सोलापूरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने सांगितले की याच खोबणीत आय-फाइव्ह ३४७० बसतो. चार कोअरचा आहे, वापरलेला आहे, दोन हजारांच्या आत देतो. मात्र त्याने एक अटही सांगितली. जुना प्रोसेसर काढण्याआधी मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करा, नाहीतर बोर्ड नव्या पाहुण्याला ओळखणारच नाही. मी तसेच केले. बायोस बदलताना वीज गेली तर बोर्डच निकामी होतो, म्हणून शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर मागून आणला. बायोस झाले, प्रोसेसर बसला, पंखा फिरला आणि पडद्यावर आय-फाइव्ह असे नाव आले. अम्मीने साखर वाटली.

आनंद चार दिवस टिकला. मग काम करता करता पडदा निळा व्हायला लागला. कधी मेमरीसंबंधी इंग्रजी संदेश, कधी दुसराच. इनपेज न सांगता बंद व्हायचे. एखादी फाईल सकाळी उघडायची, संध्याकाळी ‘खराब झाली आहे’ म्हणायची. ठरावीक असे काही नव्हते. रोज त्याच जागी दुखले तर डॉक्टरला सांगता येते. हे दुखणे जागा बदलत होते.

वार्षिक निकालाचे दिवस होते. आमच्या शाळेतील आठवीची एक मुलगी टायपिंगमध्ये हुशार. तिचे वडील ट्रकवर क्लीनर, घरी चार भावंडे. सुट्टीच्या दिवशी ती आमच्या घरी येऊन अम्मीजवळ बसायची आणि माझ्याकडून संगणक शिकायची. सहावी-सातवीच्या गुणांची यादी मी तिला साध्या मजकुराच्या फाईलमध्ये टाइप करायला दिली होती. दुसऱ्या दिवशी मी यादी पाहिली तर सातवीतल्या एका मुलीचे गणिताचे गुण ३२ दिसले. नोंदवहीत ७२ होते. आणखी एका नावात एक अक्षर विचित्र आले होते.

मी तिला विचारले. ती म्हणाली, “सर, मैं बराबरच डाली थी. दो बार मिलाके देखी.”

मी चिडलो. निकाल तोंडावर होता, संगणक रोज दगा देत होता आणि रात्रीची झोप नव्हती. मी म्हणालो, “तो फिर कौन बदला? जिन्न बदला क्या?” मी एवढ्यावर थांबायला हवे होते. पण पुढे असेही म्हणालो की तू कायतरी दाबलेस, तू हात लावल्यापासूनच संगणक बिघडला. ती काही बोलली नाही. ओढणी सावरून उठली, अम्मीला सलाम केला आणि गेली. त्यानंतर दोन रविवार आली नाही.

अम्मी त्या रात्री जेवताना म्हणाली, “जिसका हात आखरी लग्या, उसकाच गुन्हा क्या रे?”

मी उत्तर दिले नाही. गावात काही झाले की शेवटी तिथे कोण दिसला होता, हे विचारण्याची सवय आपल्याला चांगली ठाऊक आहे. ते बोट आपल्याकडे वळते तेव्हा आपल्याला झोंबते. आपणच दुसऱ्याकडे वळवतो तेव्हा ते चौकशीसारखे वाटते.

मुलीनंतर माझा संशय दुकानदारावर गेला. वापरलेला माल दिला, जळका दिला, असे मी मित्रांना सांगत फिरलो. त्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, “सर, प्रोसेसर परत घेतो, पैसे देतो. पण आधी मेमरी तपासा.” मला ती टाळाटाळ वाटली. मेमरी तर जुनीच होती, इतकी वर्षे बिनतक्रार चाललेली. नवीन आला तो प्रोसेसर. मग दोष कुणाचा? मी आधी विंडोज पुसून नव्याने टाकले. ते टाकतानाच दोनदा अडकले. झाले तरी निळा पडदा तसाच.

शेवटी दुकानदाराचे ऐकले. ‘मेमटेस्ट८६ प्लस’ नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. तो पेन ड्राइव्हवर घालून त्यावरूनच संगणक चालू करायचा. विंडोज मधे येतच नाही. त्याचे काम मला शिक्षक म्हणून लगेच समजले. तो मेमरीच्या प्रत्येक घरात ठरलेला आकडा लिहितो, मग परत येऊन वाचतो, आणि लिहिले तेच वाचले का ते मिळवतो. इमला घालायचा आणि वही तपासायची. मेमरीचे एक घर म्हणजे अगदी सूक्ष्म विद्युतभार साठवण्याची जागा. तो भार गळत असतो, म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घराची उजळणी करावी लागते. उजळणी चुकली की विसर पडतो. हे वाचले तेव्हा मला माझा वर्ग आठवला.

रात्री दहाला तपासणी लावली. पहाटे फजरला उठून पाहिले तर पडद्यावर लाल ओळींची रांग. प्रत्येक ओळीत काय अपेक्षित होते आणि काय सापडले, ते लिहिलेले. बहुतेक ओळींत फरक एकाच बिटाचा होता.

मी कागद घेऊन बसलो. संगणकात साध्या मजकुरात ७ हा अंक ००११०१११ असा लिहितात आणि ३ हा ००११००११ असा. उजवीकडून तिसरी जागा पाहा. तिथे १ चा ० झाला की ७ चा ३ होतो. बहात्तरचे बत्तीस व्हायला एवढेच पुरते. कीबोर्डवर ७ आणि ३ शेजारी नाहीत. उजवीकडच्या चौकोनी फळीवर तर ते समोरासमोरच्या कोपऱ्यांत आहेत. बोट घसरून अशी चूक होणे अवघड. त्या दिवशी नेमके हेच घडले असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मुलीवर ठपका ठेवताना माझ्याकडे याच्या निम्माही पुरावा नव्हता.

याच काळात एक जुनी बातमी वाचनात आली. बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त पडली होती. मिळू शकतील त्याहून जास्त मते दिसली म्हणून चूक पकडली गेली. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, एकाच बिटाची किंमत. तपासात प्रोग्रामची चूक सापडली नाही. मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा, असे मानले गेले. बँकांच्या आणि मोठ्या कामाच्या संगणकांत यासाठी जादा बिटांची मेमरी असते. ६४ बिटांमागे ८ बिट फक्त राखणीला. एक बिट चुकला तर ती दुरुस्त करते, दोन चुकले तर ओरडते. आपल्या घरच्या संगणकात असा राखणदार नसतो. तो चुकीचा आकडाही तितक्याच आत्मविश्वासाने वाचून दाखवतो.

आता चूक आहे हे कळले, पण कुठे आहे? इथे मी पहिल्यांदा पद्धतशीर वागलो. आधी प्रोसेसर काढला. अब्बांच्या भिंगाने खोबणीतल्या पिना पाहिल्या. या खोबणीत ११५५ बारीक पिना असतात आणि एखादी वाकली तरी मेमरी चुकू शकते, कारण या पिढीत मेमरीचा कारभार प्रोसेसरच्या आतच असतो. म्हणजे प्रोसेसरवर संशय घेणे अगदीच खुळेपणाचे नव्हते. शहानिशा न करता बोंब ठोकणे खुळेपणाचे होते. पिना सरळ होत्या. प्रोसेसर पुन्हा नीट बसवला.

मेमरीच्या पट्ट्या दोन होत्या, ४-४ जीबीच्या. एक २०१६ मध्ये घेतलेली, दुसरी २०१९ मध्ये स्वस्तात. दोन्हींवर १६०० असे छापलेले. मी एकेक पट्टी एकटी लावून रात्रभर तपासली, मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत लावून तपासली. चार रात्री गेल्या. पहिली पट्टी दोन्ही खाचांत निर्दोष. दुसरी दोन्ही खाचांत नापास. याचा अर्थ खाचा चांगल्या, प्रोसेसरही चांगला. दोष दुसऱ्या पट्टीचा.

मग तीच पट्टी चार वर्षे गप्प कशी राहिली? उत्तर प्रोसेसरच्या माहितीपत्रकात मिळाले. आय-थ्री २१०० मेमरीला जास्तीत जास्त १३३३ च्या वेगाने चालवतो. आय-फाइव्ह ३४७० तिला १६०० पर्यंत नेतो. १६०० म्हणजे एका तारेवरून सेकंदाला १६० कोटी वेळा देवाणघेवाण. पट्टीवर १६०० छापले होते, पण चार वर्षांत तिला कुणी तेवढे पळवलेच नव्हते. नव्या प्रोसेसरने तिच्या छापील शब्दावर विश्वास ठेवला आणि ती उघडी पडली. बायोसमध्ये वेग १३३३ वर बांधून पाहिला तर तीच पट्टी रात्रभर एकही चूक न करता चालली.

वेग कमी ठेवून काम भागले असते. पण एकदा डगमगलेल्या पट्टीवर मुलांचे गुण ठेवायला मन धजेना. पुढच्या रविवारी सोलापूरला गेलो आणि त्याच दुकानदाराकडून दुसरी पट्टी घेतली. “तुम्ही बरोबर होता, मी तुमची बदनामी केली,” असे सांगितले. तो हसला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. नवी पट्टी लावून पुन्हा रात्रभर तपासणी केली. मग विंडोज परत एकदा टाकले, कारण खराब मेमरीतून टाकलेले विंडोजही खराबच असणार. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. पट्टी बदलली की चुका थांबतात, पण त्या काळात जपून ठेवलेल्या फायलींत शिरलेली चूक तिथेच बसून राहते.

म्हणून निकालाची यादी पहिल्यापासून मिळवायची होती. त्याआधी एक काम होते. सोमवारी आठवीच्या वर्गात गेलो. मी ओरडलो होतो घरात, पण ती गोष्ट वर्गात पसरली होती, म्हणून माफीही वर्गातच मागायची ठरवली. फळ्यावर ‘खुदा’ आणि ‘जुदा’ लिहिले, त्याखाली ७ आणि ३ चे आठ-आठ आकडे लिहिले आणि सगळी हकीकत सांगितली. मग तिचे नाव घेऊन म्हणालो, “गलती मेरी थी. तुम बराबर थे.” वर्ग शांत झाला. शिक्षक चुकतो हे मुलांना माहीत असते, तो सांगतो हे त्यांनी फारसे पाहिलेले नसते. ती मान खाली घालून बसली होती. तास संपल्यावर जवळ येऊन तिने एवढेच विचारले, “सर, वो पट्टी फेंक दिये क्या? मेरे को देखने को देते?”

त्या रविवारी ती आली. मी नोंदवही वाचत गेलो, ती पडद्यावर मिळवत गेली. आणखी तीन चुका सापडल्या. त्यातली एक तर निश्चितच माझी होती, कारण ती नोंदवहीतच होती. मेमरीला दोष देण्याची सोय तिथे नव्हती.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा अधिकृत आधार संपला. विंडोज ११ च्या यादीत आमचा प्रोसेसर बसत नाही, म्हणून आता त्यावर लिनक्स आहे. माझ्या जुन्या दाखल्यांवर जिल्हा उस्मानाबाद आहे, नव्या कागदांवर धाराशिव. दोन्ही कागद त्यातच सांभाळून आहेत. ती मुलगी दहावी होऊन विज्ञान शाखेला गेली. ती खराब पट्टी तिच्या कंपासपेटीत बरेच दिवस होती, असे तिच्या मैत्रिणी सांगत.

शाळेत आता निकालाची यादी एकट्याने कुणी करत नाही. एक वाचतो, दुसरा मिळवतो. आणि आकडा चुकला तर “कुणी केले?” हे विचारण्याआधी आम्ही तो आकडा कुठून कुठे आला, ते पाहतो.