शकुंतलेनं पत्र कोणत्या भाषेत लिहिलं?

पुणे, रविवार

चि. छकुलीस,

तुझी एसओपी, म्हणजे प्रवेश अर्जासोबतचं उद्देशपत्र, वाचली. इंग्रजी चोख आहे, त्यात मी हात घालण्यासारखं काही नाही. पण दुसऱ्या परिच्छेदात काफ्का, मार्केझ, मुराकामी आणि एलेना फेरांते अशी रांग लावून ‘जगाचं साहित्य वाचत मोठी झाले’ असं लिहिलं आहेस, तिथे मी अडखळले. जर्मन, स्पॅनिश, जपानी, इटालियन. आणि तू वाचलेस चारही इंग्रजीत. यात लाजायचं काही नाही, बहुतेक सगळे तसेच वाचतात. पण जागतिक साहित्याच्या एम.ए.ला अर्ज करताना ही गोष्ट झाकून ठेवायची नसते, सुरुवातच तिथून करायची असते. प्रवेश समितीपुढे हीच रांग आणखी किती अर्जांत येत असेल, विचार कर.

ताई म्हणाली, बाबा विचारतात की पुस्तकं घरी बसूनही वाचता येतात, त्यासाठी परदेशात जाऊन कर्ज कशाला. प्रश्न रास्त आहे. एका सत्रात गिल्गामेशपासून मुराकामीपर्यंत, प्रत्येकाची वीसेक पानं, वर थोडी थिअरी, असा विभाग असेल तर बाबांचंच खरं. असे विभाग आहेत, आणि त्यांची माहितीपत्रकं फार देखणी असतात.

जागतिक साहित्य या विषयाची जन्मतारीख म्हणून ३१ जानेवारी १८२७ हा दिवस सांगतात. सत्त्याहत्तर वर्षांचा गटे वायमारमध्ये आपला सहायक एकरमान याला सांगत होता की सध्या मी एक चिनी कादंबरी वाचतोय. एकरमानला वाटलं, ती भलतीच विचित्र असणार. गटे म्हणाला, तुला वाटतं तितकी नाही, ती माणसं आपल्यासारखीच विचार करतात. मग त्यानं जाहीर केलं की राष्ट्रीय साहित्याला आता फारसा अर्थ उरला नाही, जागतिक साहित्याचं युग आलं आहे. सगळे इथवरच सांगतात. त्याच संभाषणात थोडं पुढे तो म्हणतो की आदर्श हवा असेल तर मात्र ग्रीकांकडेच परत जायला हवं, बाकीच्यांकडे इतिहास म्हणून पाहावं. पंगत सगळ्यांसाठी मांडली, पण मानाचं पान आधीच राखून ठेवलं! वर्गात हे वाक्य कुणी गाळलं तर हात वर कर.

तुझ्या एसओपीत मला खरं म्हणजे कालिदासाचं शाकुंतल हवं होतं. तू ते कॉलेजात केलं आहेस, मराठी आहेस, आणि एक पुस्तक जगात कसं हिंडतं हे पाहायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सला ‘नाटक’ म्हणजे काय ते धड कुणी सांगेना. राधाकांत नावाच्या पंडितानं त्याला उलगडा करून दिला की थंडीच्या दिवसांत तुम्ही साहेब लोक कलकत्त्यात जे खेळ करता, तशीच ही वस्तू. जोन्सनं शाकुंतल आधी शब्दाला शब्द ठेवून लॅटिनमध्ये नेलं आणि त्यावरून इंग्रजी केलं. १७८९ साली ते कलकत्त्यात छापलं गेलं. त्याची विक्री कर्ज फेडू न शकलेल्या देणेकऱ्यांच्या मदतीसाठी होती. (हे बाबांना सांगू नकोस.) दोन वर्षांनी गेऑर्ग फोर्स्टर यानं इंग्रजीवरून जर्मन भाषांतर केलं. हा फोर्स्टर किशोरवयात कॅप्टन कुकच्या जहाजावरून जग फिरून आलेला, पण संस्कृताचा गंध नसलेला. हे तिसऱ्या हातचं शाकुंतल वाचून गटे भारावला आणि त्यावर चार ओळींची कविता लिहून मोकळा झाला.

आता मधल्या वाटेत काय सांडलं ते बघ. तिसऱ्या अंकात प्रियंवदा सुचवते म्हणून शकुंतला कमळाच्या पानावर नखानं पत्र लिहिते आणि सख्यांना वाचून दाखवते. झाडाआड लपलेला राजा ते ऐकून पुढे येतो आणि श्लोकातच उत्तर देतो. मुळात शकुंतलेचं पत्र प्राकृतात आहे आणि राजाचं उत्तर संस्कृतात. संस्कृत नाटकाच्या संकेताप्रमाणे बायकांचं गद्य बोलणं शौरसेनीत असतं आणि पद्य महाराष्ट्रीत, म्हणजे आपली मराठी जिच्या वंशातली, त्या प्राकृतात. पुढे सहाव्या अंकात अंगठी विकायला गेलेला कोळी मागधी बोलतो. कोण कोणत्या भाषेत बोलणार हे त्या रंगभूमीवर पदानं, लिंगानं आणि जातीनं ठरलेलं. प्रेमात पडलेली दोघं एकमेकांशी दोन वेगवेगळ्या भाषांत बोलताहेत आणि त्यांना एकमेकांचं सगळं समजतंय. इंग्रजीत ही दोघं एकाच सुरात बोलतात, जर्मनमध्येही. गटेनं वाचलं त्यात ही उतरंड नव्हतीच. राजा रविवर्म्यानं पत्र लिहिणारी शकुंतला रंगवली, मोनियर विल्यम्सनं ते चित्र आपल्या भाषांतराच्या एका आवृत्तीत आरंभीच छापलं, पण चित्रातही भाषा कुठून दिसणार?

आणखी एक गंमत. नाटकाच्या प्रस्तावनेत नटी ग्रीष्माचं गाणं म्हणते, सूत्रधार त्यात इतका रमतो की आज कोणतं नाटक करायचं हेच विसरतो, आणि नटी त्याला आठवण करून देते. पुढे राजा काय विसरणार आहे याची ती पहिली खूण. ही प्रस्तावना वायमारला पोचली तेव्हा तिच्यावरून गटेला ‘फाउस्ट’च्या आरंभीचा प्रवेश सुचला असं अभ्यासक मानतात. तिथे नाटक कंपनीचा मालक, कवी आणि विदूषक गल्ल्यावरून आणि कलेवरून वाद घालतात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकताना मी तो प्रवेश वाचला, तेव्हा मला त्यात कालिदास दिसला नव्हता. तो कुणीतरी दाखवावा लागतो. तेच शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळींचं ‘इंद्रसभा’ पाहिलं आणि आपल्याकडे असं का होऊ नये म्हणून ‘संगीत शाकुंतल’ लिहिलं. आधी चार अंक झाले, बाकीचे मागाहून आले. दोनशेच्या आसपास पदं, त्यांत साक्या, दिंड्या. त्यातली नांदी आजही नाट्यसंमेलनांत म्हटली जाते.

एकाच नाटकावरून वायमारनं गल्ल्याचा वाद उचलला आणि पुण्यानं गाणं. का? तिथल्या रंगभूमीला तेव्हा काय हवं होतं आणि इथल्या रंगभूमीला काय? जागतिक साहित्याचा अभ्यास मला विचारशील तर इथे सुरू होतो. माझ्या मते किर्लोस्करांचं शाकुंतल हे गटेच्या चार ओळींपेक्षा वजनदार काम आहे; पण परदेशी अभ्यासक्रमात ते नेमलेलं दिसेल, अशी आशा धरू नकोस. ते तूच घेऊन जायचं. आणि त्यासाठी मराठी हवी, थोडं संस्कृत-प्राकृत हवं, जर्मन हवी. केवळ इंग्रजीवर तुला गटेचं शाकुंतल फार तर जोन्सपर्यंत नेता येईल.

म्हणून तुझ्या विद्यापीठांच्या यादीत जादवपूर नाही याचं मला आश्चर्य वाटलं. रवींद्रनाथांनी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेपुढे विश्वसाहित्यावर व्याख्यान दिलं. माझं शेत, तुझं शेत, त्याचं शेत अशी बेरीज करून पृथ्वी होत नाही, तसंच साहित्याचं, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच परिषदेतून पुढे जादवपूर विद्यापीठ उभं राहिलं आणि १९५६ मध्ये तिथे बुद्धदेव बसूंनी तौलनिक साहित्याचा विभाग काढला, देशातला पहिला. बसू स्वतः बोदलेअर आणि रिल्के बंगालीत आणणारे, आणि मेघदूतही. म्हणजे विभाग काढणाऱ्या माणसाचे हात भाषांतरानं माखलेले होते. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात गुरुदेव टागोर अध्यासनावर वसंत बापट होते, पुढे नेमाडे. विलास सारंग तर मुंबईची पीएच.डी. झाल्यावर अमेरिकेत इंडियानाला जाऊन तौलनिक साहित्याची दुसरी करून आले, इराकमध्ये बसऱ्याला शिकवलं, आणि कथा मराठीत लिहीत राहिले. ‘यात मराठीचा काय संबंध’ असं बाबा म्हणाले तर ही तीन नावं पुरेत.

नोकरीचं स्पष्ट सांगते. नेट परीक्षेला तौलनिक साहित्य हा स्वतंत्र विषय आहे, पण महाविद्यालयांच्या जाहिराती इंग्रजीच्या आणि मराठीच्या निघतात आणि पात्रतेच्या रकान्यात ‘संबंधित विषय’ या शब्दांवर माणसं अडकतात. भाषांतर आणि प्रकाशन या क्षेत्रांत काम मिळतं, पैसा बेताचा. श्रीमंत होण्यासाठी ही पदवी घेतलेलं माझ्या पाहण्यात कुणी नाही.

तेव्हा असं कर. एसओपीतली ती रांग काढ आणि तिथे शाकुंतलाबद्दल एक पान लिही, तुझ्या शब्दांत. माझी वाक्यं उचलू नकोस, मी ओळखेन. तुझ्या यादीतल्या इंग्लंडमधल्या दोन्ही विभागांना आणि जादवपूरला मेल करून विचार की एम.ए.च्या काळात नवी भाषा शिकवता का, आणि प्रबंधात मूळ भाषेतून वाचन सक्तीचं आहे का. इंग्लंडचा अभ्यासक्रम एकाच वर्षाचा, त्यात नवी भाषा किती बसेल याचाही अंदाज विचार. ‘आम्ही भाषांतरांतून शिकवतो’ एवढंच उत्तर आलं तर कर्ज काढू नकोस.

बाबांशी मी बोलते. पण व्याजाचा आणि हप्त्याचा हिशेब तू आधी मांडून ठेव, पहिला प्रश्न तोच येईल. आणि माझं जर्मन व्याकरण तू नेलं होतंस, ते येताना घेऊन ये, मला लागतंय.

तुझी,
मावशी